अर्धा कांचन

माझं सलून घराच्याच पुढच्या खोलीत आहे. एक खुर्ची, समोर मोठा आरसा आणि खुर्चीच्या मागे अंगणात उघडणारी खिडकी. त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाला आरशात दोन गोष्टी दिसतात. एक स्वतःचं तोंड आणि दुसरं आमच्या अंगणातलं कांचनाचं झाड. तोंडाबद्दल गिऱ्हाइकं फारसं बोलत नाहीत. झाडाबद्दल मात्र हटकून बोलतात, "काय हो, यंदाही नाहीच फुललं का?"

मग मला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे तसं कुणी विचारलं नाही तरी मी उत्तर देतोच. तीस वर्षं दुसऱ्यांची डोकी हातात धरून बसलोय, त्यामुळे स्वतःचं डोकं तपासायला सवड मिळाली नाही. या गल्लीत कुणाची मुलगी कुठं द्यावी, कुणी कोणतं औषध घ्यावं, भिंतीला कुठला रंग चांगला, सगळं माझ्या खुर्चीत ठरतं. निदान माझी तशी समजूत आहे.

तर ते झाड. ते बायकोने तिच्या माहेराहून आणलं. सासऱ्यांच्या दारात मोठा कांचन होता. थंडी सरता सरता बाकीची झाडं अजून उघडी-बोडकी उभी असायची, आणि याच्या अंगावर पान नाही तरी अख्खं झाड गुलाबी. सासरे गेले, घर विकलं. ज्याने घेतलं त्याने आठवड्याच्या आत झाड तोडून तिथं मोटार उभी केली. त्याआधी बायकोने झाडाखाली उगवलेलं वीतभर रोप मातीसकट उपटलं आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यात घालून आणलं. माहेरची म्हणून तिच्याकडे आता तेवढीच एक वस्तू.

कांचन तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलतो म्हणतात. आमच्याकडे त्याला नऊ वर्षं झाली. शेवटचे सहा वसंत बायको रोज सकाळी झाडाखाली जाऊन मान वर करून उभी राहायची आणि तशीच परत यायची. भाजी धुतलेलं पाणी घालून झालं, चुलीची राख घालून झाली, बुंध्याभोवती आळं करून झालं. एकदा तर मी तिला झाडाशी बोलताना पाहिलं. माझ्याशीही ती इतक्या प्रेमाने बोलत नाही.

आणि दर वर्षी शेवटी ती एकच वाक्य बोलायची, "माझ्या हातालाच गुण नाही हो. बाबांच्या हातून फुललं, माझ्या हातून नाही."

यावर नवऱ्याने काय म्हणावं? मी म्हणायचो, "असू दे गं, ज्याचा त्याचा हातगुण असतो." आणि हे म्हणताना कौतुकाने स्वतःच्या हाताकडे बघायचो. कधी जास्त रंगात आलो तर वर म्हणायचो, "तुझ्या माहेरचंच झाड ते. नुसतं वाढायचं, कामाचं काही नाही." ती हसायची. आता आठवलं की जीभ हासडून ठेवावीशी वाटते.

माझंही झाडाकडे लक्ष होतं बरं का. उगाच नावं ठेवू नका. थंडीत पानं गळाली, की मोठी कात्री घेऊन मी स्टुलावर चढायचो आणि झाडाचे शेंडे चारी बाजूंनी साफ करायचो. आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञानच हे, की जितकं कापाल तितकं दाट येतं. ते खरं की खोटं हे मी कधी तपासलं नाही. पण टक्कल पडायला लागलेल्या निम्म्या लोकांना मी ते पटवलेलं आहे. छाटल्यावर झाड कसं, लग्नाला निघालेल्या नवऱ्या मुलासारखं दिसायचं. मी आरशात गिऱ्हाइकाचं डोकं बघायचो, मग झाडाचं बघायचो आणि मनात म्हणायचो, दोन्ही आपलीच कामं.

गल्लीच्या टोकाला एकाची रोपवाटिका आहे. त्याला सगळे रोपवाला म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो माझ्याकडे दाढीला येतो. कमी बोलणारा माणूस, त्यामुळे माझं आवडतं गिऱ्हाईक. दर हिवाळ्यात तो खुर्चीत बसायचा, आरशात नुकतं छाटलेलं झाड बघायचा आणि खुर्चीत सरळ होऊन म्हणायचा, "अहो, थंडीत या झाडाला..."

की मी फेसाचा ब्रश फिरवलाच. साबण तोंडाला लागला की माणूस ऐकतो, हे माझं तत्त्व. "झाडाला वळण कसं लावायचं ते मला सांगू नका," मी म्हणायचो, "मी माणसांना वळण लावतो." एका वर्षी बिचारा फेसातूनच काहीतरी बोलला, तर नुसते बुडबुडे आले. मला वाटलं, तारीफ करतोय. मी ब्रश आणखी एकदा फिरवला.

या हिवाळ्यात बायको एक दिवस कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "ते झाड तोडून टाकू या."

"का गं?"

"दर वर्षी वाट बघायची आणि दर वर्षी तेच. आता नाही बघवत मला. तुम्हाला तिथपर्यंत खोली वाढवून दुसरी खुर्ची टाकायची होती ना? टाका."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन वर्षं मी त्या दुसऱ्या खुर्चीची स्वप्नं बघत होतो. तिने घडी केलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली, हे मी पाहिलं. पण पाहून न पाहिल्यासारखं केलं. लाकूडतोड्याला निरोप धाडला. तो म्हणाला, हातातलं काम संपवून दीड महिन्याने येतो.

आता ज्या झाडाला तोडायचंच ठरलंय, त्याची छाटणी करायची काय गरज? कुठल्याही शहाण्या माणसाला हा प्रश्न पडेल. मला नाही पडला. आपल्या अंगणातून झाड जायचं ते नीटनेटकं दिसून जावं, असं मला वाटलं. रविवारी दुपारी स्टूल लावलं, कात्री घेतली. डावी बाजू पूर्ण केली, झिरो मशीन मारल्यासारखी. मग उजवी बाजू घ्यायची तर खाली उतरून स्टूल सरकवायचं असतं. मी न उतरता नुसता वाकलो. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते इतकंच की मी जमिनीवर होतो, कात्री कुंपणात होती आणि बायको ओरडत होती, "आधीच सांगत होते, त्या स्टुलाचा पाय हलतो!"

उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. सलून बंद.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या स्वतःच्या खुर्चीत बसलो. करणार काय? बोलायला गिऱ्हाईक नाही, कापायला हात नाही. दिवसभर आरशात स्वतःचं तोंड. गिऱ्हाइकं गप्प का बसतात ते मला तेव्हा कळलं. केस वाढून कानांवर आले. पलीकडच्या रस्त्यावर दुसरा सलूनवाला आहे, पण त्याच्या हाती मी डोकं देण्यापेक्षा साधू झालेलं बरं. मग तोंड बघून कंटाळलो, की मागचं झाड बघायचं.

चौथ्या आठवड्यात मला त्यात काहीतरी दिसलं. न छाटलेल्या उजव्या बाजूच्या फांद्यांवर बारीक टोकदार गाठी. मी म्हटलं, घ्या, कीड लागली. डाव्या बाजूला एकही नाही. म्हणजे बघा, मी साफ केली ती बाजू निरोगी राहिली!

त्याच आठवड्यात रोपवाला माझ्या हाताची चौकशी करायला आला. संत्री घेऊन आला होता. बाकावर बसला. मी खुर्ची त्याच्याकडे फिरवली आणि मोठ्या ऐटीत विचारलं, "या कांचनावर ही कसली कीड म्हणायची?"

त्याने खिडकीतून झाड पाहिलं. मग मला पाहिलं. मग पुन्हा झाड.

"कळ्या आहेत त्या," तो म्हणाला.

"आणि या डाव्या बाजूला?"

"त्या तुम्ही कापल्यात."

मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो. डाव्या बाजूच्या फांद्या एकेक करून पाहिल्या.

तो शांतपणे सांगत गेला. "कांचनाचं फूल जुन्या फांदीवर येतं. पानं गळतात तेव्हा फुलांची तयारी आतून झालेली असते. थंडीत शेंडे छाटले की फुलंच छाटली म्हणायची. काय छाटायचं ते फुलं गळल्यावर."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत हो?"

त्याने फक्त तळहाताने आपले ओठ आणि हनुवटी पुसली, फेस पुसावा तशी.

आता एखादा सज्जन माणूस काय करेल? सरळ आत जाईल आणि बायकोला सांगेल. मी रोपवाल्याला म्हटलं, "एक काम करा ना. तिने विचारलं तर सांगा, उन्हाचा परिणाम आहे. उजव्या बाजूला ऊन जास्त मिळतं."

"ऊन डाव्या बाजूला येतं," तो म्हणाला. "उजवीकडे भिंत आहे."

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. माझं अंगणसुद्धा सरळ निघालं.

लाकूडतोड्याला तेवढं मी येऊ नको म्हणून कळवलं. बायकोला सांगितलं, त्याची पाठ धरलीय. ती "बरं" म्हणाली. रोज मी ठरवायचो, आज सांगायचं. रोज ती माझ्या प्लास्टरवरून बाही चढवून द्यायची, संत्रं सोलून हातात ठेवायची, आणि माझ्या घशात शब्द अडकायचा. संत्रं बरोबर खाली जायचं.

मग एका सकाळी ती कपडे वाळत घालायला अंगणात गेली आणि परत आली नाही. मी आरशात पाहिलं. ती झाडाखाली उभी होती, हातात माझा ओला सदरा. तिच्या डोक्यावर उजवीकडचं निम्मं झाड गुलाबी झालं होतं. पान नाही, नुसती फुलं, फांदी दिसेना. आणि डावीकडचं निम्मं पार बोडकं. मधोमध भांग पाडावा तशी सरळ रेघ. गिऱ्हाईक अर्ध्या कटिंगमधून उठून पळालं तर कसं दिसेल, तसं माझं काम भर रस्त्याला दिसेल असं उभं होतं. कुंपणाशी दोन माणसं थांबून बघत होती.

मी बाहेर गेलो. ती रडत होती आणि हसत होती.

"तोच रंग आहे हो," ती म्हणाली. "बाबांच्या झाडाचा. अगदी तोच. मधल्या पाकळीवर तो गडद डागसुद्धा."

मग तिने सदरा खांद्यावर टाकला, आपले दोन्ही तळवे समोर धरून पाहिले आणि म्हणाली, "अर्धा तरी गुण आला म्हणायचं माझ्या हाताला. या बाजूला माझं काय चुकलं असेल? पाणी कमी पडलं का हो?"

मी निर्लज्ज आहे, हे मला मान्य आहे. पण त्यालाही काही हद्द असते.

"पाणी नाही कमी पडलं," मी म्हटलं. "मी कळ्या कापल्या. दर वर्षी. थंडीत छाटायचं नसतं हे झाड, फुलं गळल्यावर छाटायचं. रोपवाला सांगत होता, मी त्याच्या तोंडाला फेस लावत होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"सहाही वर्षं?"

"सहाही."

"आणि मी म्हणायचे, माझ्या हाताला गुण नाही. तेव्हा तुम्ही..."

"हो."

ती आत निघून गेली. सदरा तिच्या खांद्यावर तसाच ठिबकत राहिला.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. भांडणात मला बोलता येतं. जेवण वेळेवर समोर येत होतं, चहा येत होता, सोललेलं संत्रं मात्र बंद झालं. अख्खं यायचं. एका हाताने सोलून बघा कधी, म्हणजे कळेल.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्लास्टर काढलं. घरी आलो तर ती सलूनमध्ये उभी. खुर्ची पुसून ठेवलेली, हातात गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचा कपडा.

"बसा," ती म्हणाली.

बसलो. तीस वर्षं दारातून ती माझं काम बघत आलीय, सगळं येतं तिला. कंगव्यावर केस उचलून तिने कात्री चालवायला सुरुवात केली. डाव्या कानावरून वर, मागे मानेपर्यंत, अगदी सफाईदार. मला बरं वाटलं. म्हटलं, राग गेला. डावी बाजू पूर्ण झाली. मग तिने कात्री पुसून खणात ठेवली, कपडा सोडला आणि दारात जाऊन झटकला.

"अगं, उजवी बाजू?"

"फुलं गळल्यावर," ती म्हणाली. "तसंच असतं म्हणे."

आज अकरावा दिवस. टोपी घालायला बंदी आहे. सलून उघडलंय. येणारा प्रत्येक जण आधी माझं डोकं बघतो, मग आरशात झाड बघतो आणि विचारतो. मी सगळं सांगतो. फेस लावायच्या आधी सांगतो, म्हणजे ज्याला हसायचंय त्याला नीट हसता येतं. रविवारी रोपवाला आला. मी ब्रश खाली ठेवून म्हटलं, "आधी तुम्ही बोला." तो म्हणाला, "दाढी करा."

फुलं मात्र गळायचं नाव घेत नाहीत. काल दुपारी बायको आत आहे असं बघून मी हळूच अंगणात गेलो आणि एक फांदी धरून थोडी हलवली. थोडीच. एक पाकळी पडली नाही.

"काय चाललंय?"

ती मागे बादली घेऊन उभी होती. मी काही म्हणायच्या आत तिने बादली खाली ठेवली, माझा हात फांदीवरून उचलून बाजूला केला आणि तिथं स्वतःचा ठेवला, गुणाचा.