पहिल्या फेरीचा मान

वाळवंटात गवत लावायचं आणि त्यावरून विमान उडवायचं, हे ज्याला पैसा जड झालाय त्यालाच सुचतं. आमच्या कफीलला, म्हणजे आम्हाला सौदीत कामाला आणणाऱ्या मालकाला सुचलं. बुरैदा शहराबाहेर खजुराच्या बागेमागे त्याने गवताची धावपट्टी केली. बाग तहानली तरी चालेल, गवत नाही. मग कुठूनसं कापडी पंखांचं एक जुनंपानं विमान उचलून आणलं आणि ते नीट करायला माझ्या नवऱ्याला, नसरुद्दीनला बसवलं. मी तिथल्याच स्वयंपाकघरात.

सासऱ्यांनी दाभोळच्या खाडीवर जन्मभर होड्या बांधल्या. आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटली की पहिल्या फेरीला ती बांधणारा बसतो, मालक काठावर उभा राहतो. ह्यांनी तेच डोक्यात धरलं. पंखांच्या फासळ्या बसवल्या, कापड शिवलं, ताणलं, आणि रोज जेवताना एकच टकळी, मागच्या सीटवर मी बसणार, कफीलने शब्द दिलाय. शब्द कसला, इन्शाल्ला म्हणाला होता. अहो, तो भाजीवाल्यालाही इन्शाल्ला म्हणतो, असं मी सांगून पाहिलं. ऐकतील तर शपथ.

तेवढ्यात सरकारचं सौदीकरण आलं. कामावर सौदी माणूस दाखवायला हवा म्हणून कफीलचा भाचा हम्माद मुख्य मेकॅनिक झाला. पाना कुठून धरतात ते त्याला ठाऊक नव्हतं, पण विमानाला टेकून फोटो मात्र झकास काढायचा. ह्यांचा इकामा, इथे राहायचा परवाना, आता वाढणार नव्हता. विमान उडालं की दुसऱ्या दिवशी खलास, घरी जा. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. हे म्हणाले, जाऊ दे, एकदा वर जाऊन येतो, मग कुठेही पाठवू देत.

त्या दिवशी तंबू ठोकले, पाहुणे आले, कहवा फिरला. ह्यांनी ईदचा कुर्ता चढवला होता, जणू स्वतःच्याच निकाहाला निघालेत. रियाधहून आणलेला पायलट पुढे बसला. हे मागच्या सीटकडे वळले, तर समोर कफील, हातावर ससाणा घेऊन. त्याचा लाडका. डोळ्यांवर चामड्याची टोपी. त्या मेल्या पाखराला इथे खराखुरा पासपोर्ट आहे, आणि त्याची मुदतही वाढवून मिळते.

"नसरुद्दीन," कफील म्हणाला, "याला सीटवर नीट बांध. पडता कामा नये."

आणि ह्यांनी बांधलं. आपल्या हातांनी बांधलं हो. विमान गवतावरून धावलं, वर उठलं, बागेवरून वळसा घालून आलं. टाळ्या हम्मादने घेतल्या.

हे स्वयंपाकघरात आले आणि पाणी मागितलं. मला राहवेना. मिळाला का पहिल्या फेरीचा मान, असं विचारलंच मी. ह्यांनी तांब्या रिकामा केला, कुर्त्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"जुबेदा, डावीकडे जरा कलत होतं गं," ते म्हणाले. "उद्या बघतो."

काय म्हणावं ह्या माणसाला? उद्याचं तर आमचं घरचं तिकीट होतं.