राजमुद्रेची पाटी

हवालदाराने वर्तमानपत्राची घडी उलगडून पाटी टेबलावर ठेवली आणि कोंडीराम ओव्हाळांच्या तोंडचं पाणी पळालं. येताना रिक्षात ते स्वतःला समजावत होते की शेजारच्या गाळ्यात मागे चोरी झाली होती, तिच्याच साक्षीसाठी पोलिसांनी बोलावलं असेल. आणि समोर निघाली ही. हातभर लांब पितळी पाटी, मधोमध राजमुद्रा. गर्दीत पाठमोरं चाललेलं आपलं पोर माणूस ओळखतो, तशी त्यांनी ती बघताक्षणी ओळखली.

"ही तुमच्याकडं झालीय का?" फौजदार विजयश्री मॅडमनी विचारलं.

कोंडीरामांनी पाटीची कड बोटाने चाचपली. चिंचवड स्टेशनजवळच्या गाळ्यात पस्तीस वर्षं ते पाट्या कोरत होते, कंपन्यांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या. लेझरची मशिनं आली, निम्मा धंदा गेला, तरी छिन्नी काही सुटली नव्हती. मशिनला अक्षर काढता येतं पण त्याला बाक देता येत नाही, असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक मान डोलावी आणि मशिनवाल्याकडे जाई. पण पाटीवर कोरणाऱ्याची सही नसते. आत्ता 'न्हाई' म्हटलं असतं, तर कोणी काही सिद्ध करू शकलं नसतं.

मॅडमनी मग सगळं सांगितलं. गणराज नावाच्या माणसाने पुनावळ्यात एका नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सरकारी गुणवत्ता तपासणीचं कार्यालय थाटलं होतं. असं कार्यालय कुठेच नाही. त्याने मुलाखती घेतल्या, तीसेक पोरापोरींना निरीक्षक म्हणून नेमणूकपत्रं दिली, अनामत म्हणून पैसे घेतले आणि आठ दिवसांपूर्वी कुलूप लावून पसार झाला. पोरांनी त्या कागदाच्या जिवावर हातातल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. परवानगी नसताना राजमुद्रा वापरणं गुन्हा आहे आणि ती बनवून देणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो, हेही मॅडमनी शांतपणे सांगितलं.

गणराज. फेब्रुवारीत आला होता. गोड बोलणारा माणूस, स्टुलावर बसून 'काका, काका' करत दोन चहा प्यायला. त्याने आणलेल्या कागदावर सिंह होते, चक्र होतं, खाली मात्र काहीच नव्हतं. आणि तिथेच कोंडीरामांच्या अंगात मास्तर संचारला.

या विषयावर त्यांना थांबवणं कठीणच होतं. लहानपणी वडिलांनी विहारातल्या मंडळींबरोबर त्यांना सारनाथला नेलं होतं. तिथल्या संग्रहालयात ते दगडी सिंह बघताना वडिलांनी चपला हातात घेतल्या होत्या. दोन हजार वर्षांहून जुना दगड, आणि अजून त्याचा तुकतुकीतपणा गेलेला नाही, हे त्या पोराच्या मनात जे बसलं ते बसलंच. पुढे गाळ्यात येईल त्याला ते ऐकावं लागे. सिंह चार, पाठीला पाठ लावून बसलेले, म्हणून समोरून तीनच दिसतात. मधलं चक्र धम्माचं, तेच झेंड्यावरही आहे, आरे मोजून चोवीस. डावीकडे घोडा, उजवीकडे बैल. मूळ खांबावर खाली कमळ होतं, पन्नास साली राजमुद्रा घेतली तेव्हा ते सोडून दिलं. आणि त्याखाली 'सत्यमेव जयते'. ते नसेल तर मुद्रा अपुरी.

"अक्षरं न्हाईत तर ती नुसती जनावरं, साहेब," असं ते गणराजला म्हणाले होते. तो म्हणाला, असं का, मला ठाऊकच नव्हतं, मग घाला की काका. कोंडीरामांनी ती अक्षरं पदरचे तीन दिवस खर्चून, एक पैसाही जास्त न घेता कोरून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांचा एक नेम होता. कार्यालयाचं शिक्क्याचं पत्र हातात पडल्याशिवाय राजमुद्रेला छिन्नी लावायची नाही. घरादाराला, गल्लीला हा नेम माहीत होता. गणराज म्हणाला, पत्र दिल्लीहून निघालंय, सोमवारी देतो. शिकवण्याच्या भरात कोंडीराम सोमवारपर्यंतही थांबले नाहीत. पस्तीस वर्षांत एकदाच.

"आधी त्यानं साधा छापील बोर्ड लावला होता," मॅडम म्हणाल्या. "खाली अक्षरं नव्हती. त्यावरून दोघातिघांना शंका आली, ते परत गेले. ही पाटी लागल्यावर मात्र कुणी काही विचारलं नाही."

खरं सांगायचं तर कोंडीरामांना गणराजचा राग आलाच नाही, इतके ते हादरले होते. त्याच्या खोटेपणात जेवढी उणीव होती, तेवढी त्यांनीच भरून दिली होती.

मॅडमनी एका तक्रारदाराला आत बोलवायला सांगितलं. दारातून मिनल आली. कोंडीरामांची धाकटी लेक. ती या वेळी चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्टला असायला हवी होती. सकाळी सहाला डबा घेऊन ती निघाली, तेव्हा तिच्यामागे दाराची कडी त्यांनीच लावली होती.

"तू हितं कशी?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मिनल उभीच राहिली. कंपनी सोडून दीड महिना झाला, असं तिने सांगितलं. सहा वर्षं कंत्राटावर काढून गेल्या दिवाळीत ती कायम झाली होती, तेव्हा कोंडीरामांनी गल्लीभर पेढे वाटले होते. सरकारी नोकरीत हजर झाल्यावरच आप्पांना सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. मग हजर व्हायची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि ती रोज डबा घेऊन चिंचवडच्या बागेत बसत राहिली. कंपनीत विचारून झालं होतं, तिच्या जागेवर दुसरी मुलगी आली होती.

"एवढी शिकलेली तू. कागद तपासून घ्यायचास की गं," कोंडीराम म्हणाले.

"घेणार होते," मिनल म्हणाली. "पण दारावर ही पाटी बघितली. तुमचा हात मला कळत न्हाई व्हय? म्हटलं, आप्पा पत्र बघितल्याबिगर राजमुद्रेला हात लावत न्हाईत. म्हंजे त्यांनी बघितलं आसंल. मग मी कायबी विचारलं न्हाई."

हवालदाराने उगाच पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. कोंडीराम पाटीकडे बघत राहिले. तीस पोरं पाटीला फसली होती. त्यांची लेक मात्र बापाला फसली होती.

मिनल खालच्या आवाजात म्हणाली, "जबाबात तुमचं नाव आलं आप्पा. मी घ्यायला नको होतं."

"घ्यायलाच पायजे व्हतं," ते म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर ते सुटले असते, पण लेक खोटी पडली असती, आणि आता तिच्यापाशी खरेपणाशिवाय राहिलं तरी काय होतं. ते मॅडमकडे वळले. "व्हय मॅडम. पाटी माझ्या हातची हाय. पत्र न बघता केली. तसंच लिव्हा."

जबाब लिहून व्हायला तासभर गेला. शेवटी हवालदाराने पाटीचं वर्णन वाचून दाखवलं. पिवळ्या धातूची पाटी, तीन सिंह, खाली मध्यभागी चक्र, डावीकडे घोडा, उजवीकडे बैल, त्याखाली देवनागरीत 'सत्यमेव जयते' अशी सुबक कोरीव अक्षरे. वर्णन ऐकवून त्याने सहीसाठी कागद पुढे सरकवला.

कोंडीरामांनी पेन घेतलं, पण सही केली नाही.

"त्यातला सुबक शब्द तेवढा खोडा, हवालदार."

हवालदार गोंधळला. तो शब्द त्याने आपल्या मनाने, अक्षरं आवडली म्हणून घातला होता. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. मग तो म्हणाला की खाडाखोड केली तर तिच्याशेजारी समासात वेगळी सही करावी लागेल.

"करतो की," कोंडीराम म्हणाले.

हवालदाराने त्या शब्दावर रेघ ओढली. कोंडीरामांनी चष्मा पुसून परत लावला आणि त्या रेघेच्या शेजारी, समासात नीट बसेल एवढी लहान सही केली.