पाठमोऱ्या पोरी

अक्कलकुव्यापासून धडगावपर्यंत कुठल्याही लग्नात नवलसिंग बँड येणार असं कळलं, की कोकिळाबाईचा पाय घरात ठरत नसे. आमंत्रण असो की नसो. जीपच्या मागच्या फळीवर लटकून जायची, आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना पाय आपले ठेका धरून असायचे. पन्नाशी उलटली, नातवंडं झाली, तरी वेड काही सुटलं नाही. आणि खरं सांगू का, सुटू नये असंच ते वेड होतं.

तिच्यासारख्या आणखी बाया होत्या. सगळा मुलूख त्यांना 'नवलसिंगवाल्या' म्हणायचा. बँडचा टेम्पो उभा राहिला की पहिली ओळ यांचीच. हातात हात, तोंड बँडकडे, पहिला पाय उजवा, आणि उजवीकडे सरकत टेम्पोभोवती फिरायचं. नव्या बाईने ओळीच्या शेपटाला लागायचं, चार लग्नं धक्के खायचे, मग पुढे यायचं. कोकिळाबाईनेही खाल्ले होते.

नवलसिंग वारला. त्याचा मुलगा इंद्रसिंग आता बेंजो वाजवतो, पण बापाचा नियम त्याने मोडला नाही. नाचणाऱ्यांचा गोल टेम्पोभोवती पुरता जुळला, तरच 'मोठी चाल' वाजवायची. नाही जुळला तर नवरदेवाच्या बापाने पाय धरले तरी नाही. ती चाल कुणी मोबाईलात भरून घेतलेली नाही. ऐकायची तर गोलात उभं राहूनच.

आणि गेली काही वर्षं गोलच जुळत नव्हता. कुणी ऊसतोडीला गुजरातेत गेल्या, कुणाचे गुडघे गेले, एक तर जगातूनच गेली. इंद्रसिंगने होळीनंतर सांगून टाकलं होतं, "ताई, बोटं विसरत चालली. या हंगामात गोल जुळला नाही, तर मी ती चाल सोडणार." ऐकून कोकिळाबाईला दोन घास गोड लागेनात. ही चाल गेली तर आपण इतकी वर्षं कशासाठी धावलो, हेच तिला कळेना.

धडगावच्या अलीकडे एका पाड्यावर हंगामातलं शेवटचं लग्न होतं. उन्हं कलली, टेम्पो उभा राहिला, आणि ओळीत उरल्यासुरल्या सात-आठ बाया. गोल कसला, अर्धं वेटोळंही होईना.

तेवढ्यात कॉलेजच्या पोरी येऊन थडकल्या. पुढे होती रिना, याच पाड्यातली, नंदुरबारला होस्टेलवर राहून शिकणारी. तिच्यामागे मैत्रिणी, त्यातली रूपाली तर पार खाली सपाटीवरच्या, तापीकाठच्या पाटील शेतकऱ्याची लेक.

"मावशी, आम्हालाही घ्या," रिना म्हणाली.

"शेपटाला लागा," तुळशीबाई फणकारली. ही कोकिळाबाईची जुनी जोडीदारीण, जीभ तिखट. "आणि ही पाटलीण कुठे नाचणार?"

"माले बी येस, मावशी," रूपाली हसून म्हणाली. "होस्टेलमा रोज तेच करतस आम्ही."

नाच सुरू झाला आणि सगळा विचका झाला. बाया निघाल्या उजवीकडे, पोरी निघाल्या डावीकडे. खांद्यावर खांदे आदळले, तुळशीबाईची चप्पल तुटली. पोरींनी नाच मोबाईलवर बघून शिकलेला. मोबाईलातली बाई समोर तोंड करून उभी, तिचा उजवा पाय यांना आपल्या डावीकडे दिसायचा, आणि या आरशात बघावं तशा डावा टाकायच्या.

"रीलवाल्या या," तुळशीबाई म्हणाली. "यांना आता उजवं-डावं शिकवत बसू का? काढ त्यांना बाहेर."

रिनाचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, बाकी सगळं येतं हो. नेहमीच्या चालीत तिसऱ्या फेरीला इंद्रसिंगदादा बेंजो ठेक्याच्या जरा मागे ठेवतात, तिथे थांबायचं तेही माहितीय."

कोकिळाबाई बघतच राहिली. ती बारीकशी ओढ आपल्या एकटीलाच कळते, असं ती जन्मभर धरून चालली होती. होस्टेलच्या खोलीत, एवढ्याशा काचेवर बघून या पोरींनी ती पकडली होती. काय म्हणावं या कार्ट्यांना! तिला इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले.

तिने क्षणभर विचार केला आणि रिनाला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं. "बँडकडे पाठ कर. आता टाक तुझा डावा."

रिनाने टाकला. ती सरकली ती बरोबर बायांच्याच दिशेला. बाई आतल्या तोंडाची, पोरगी बाहेरच्या तोंडाची, पण जायचं दोघींना एकीकडेच. मग कोकिळाबाईने सगळ्या पोरी तशाच फिरवल्या आणि एकेका बाईच्या मध्ये एकेक गुंफली. शेपटाला कुणालाच ठेवलं नाही. तुळशीबाई पुटपुटली, पण रूपालीचा हात तिने घट्ट धरला.

ओळ लांबली. तरी टेम्पोच्या मागे मोठं भगदाड राहिलंच.

"मावशी," रिना नाचता नाचता म्हणाली, "तिकडे महूच्या झाडाखाली कितीतरी जण उभेत."

"बघे असतातच गं."

"बघे नाहीत. पाय हलताहेत त्यांचे."

कोकिळाबाईने मान वळवून पाहिलं. इतकी वर्षं ती बँडकडे तोंड करून नाचली. मागे कोण उभं आहे, कोण वाट बघतंय, हे तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"बोलव त्यांना," ती म्हणाली. "सगळ्यांना."

पोरींचे हात गुंतलेले. त्यांनी नावं घेऊन, हनुवटी उडवून बोलावलं. आधी नवरीची काकू आली, मग तिच्या दोन सुना, मग काठी टेकत एक म्हातारा, मग पोरांचा घोळका. शेवटचं भगदाड तुळशीबाईने कुणाचं तरी मनगट ओढून बुजवलं.

इंद्रसिंगचा हात थांबला. त्याने टेम्पोवरून चहूकडे नजर फिरवली, बेंजो पुन्हा मांडीवर नीट घेतला, आणि मोठी चाल सुरू झाली. चालीच्या पहिल्याच ओळीत तो एकदा अडखळला, मग बोटांना वाट सापडली. कोकिळाबाई रडत होती आणि नाचत होती, आणि दोन्हीची तिला लाज वाटत नव्हती.

रिना मान मोडून मागे बघायला लागली. "मावशी, मला दिसत नाहीये. कसं वाजवतात ते बघू द्या ना."

"पुढच्या फेरीला तू आत तोंड कर, मी बाहेर करते," कोकिळाबाई म्हणाली. "तोवर नीट बघ, अजून कोण राहिलंय का."