कौसल्याबाईंची लाल खुर्ची

मित्रांनो, मी लाल रंगाची, हातांची, जुनी प्लास्टिकची खुर्ची आहे. साच्यातून निघाले, ट्रकमधून दारव्ह्याच्या बाजारात आले आणि तिथून माझा मालक प्रफुल्ल याच्या मोटारसायकलला बांधून बोरी अरब या गावी. पाहुणा आला की मलाच पुढे करत. फार मिरवले मी! पुढे घरात सोफा आला आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली.

मग प्रफुल्लच्या आईला, कौसल्याबाईंना, लकवा मारला. डावी बाजू गेली. सून दीपाने मला घासूनपुसून परत आणले. आता आईंची अंघोळ माझ्यावर, जेवण माझ्यावर, अंगणातले बसणेही माझ्यावर. मात्र त्यांना उचलायची दीपा एकटीच. संध्याकाळी तिला कंबर सरळ करता येत नसे. प्रफुल्ल औषधे आणी, पण हे काम बायकांचे असे त्याला वाटे.

उन्हाळा लागला. दीपा आत गेली की आई पेल्यातले पाणी हळूच शेजारच्या मोगऱ्याला ओतू लागल्या. मी रोज पाहत होते, पण मला बोलता कुठे येते? एका दुपारी त्यांना भोवळ आली आणि त्या माझ्या हातावर कलंडल्या. दवाखान्यात सलाइन लावले. अंगातले पाणी फार कमी झाले, असे डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर दीपाने विचारले, "आई, पानी काहून सोडलं?"

 आई म्हणाल्या, "पानी पेलं का घडीघडी लघवीले न्याले तुले मले उचला लागते. तुई कंबर दुखून राह्यली, मले दिसत नाई काय?"

दारात उभ्या असलेल्या प्रफुल्लने ते ऐकले. तो म्हणाला, "आजपासून मी नेतो तुले."

आईंना मुलाची लाज वाटत होती. त्यांनी तसे सांगितलेही.

"मंग संडासाच्या दारापर्यंत मी आनतो. आत दीपा पाह्यते," तो म्हणाला.

तसेच ठरले. प्रफुल्लने वेल्डिंगच्या दुकानातून चाकांची लोखंडी चौकट करून आणली आणि मला तिच्यावर पक्के बसवले. आता आई स्वतःहून पाणी मागतात. सायंकाळी प्रफुल्ल त्यांना गावातल्या बुद्धविहारापर्यंत फिरवून आणतो, तेव्हा दीपा घडीभर पाय पसरून बसते.

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस "मले काही नको" म्हणाले, तर तेवढ्यावर निघून जाऊ नका. त्यांच्याजवळ थोडे बसा. बसायला माझ्यासारखी एखादी खुर्ची तुमच्या घरात असेलच.