गिळलेला घोट

साल होतं एकोणीसशे शहाऐंशी. त्या वर्षी चहाच्या वखारीच्या मालकांना प्रवासात कुणीतरी गुलाबाचा चहा पाजला, आणि सगळ्या भानगडीला तिथून सुरुवात झाली.

तोवर वखारीत चहा म्हणजे चहा होता. काळा, कडक, पोत्यांत भरलेला. कुठल्या पोत्यातला किती, कशात मिसळायचा हे ठरवायचे वहिनींचे यजमान. त्यांना अख्खी वखार जीभराव म्हणायची. वहिनींना आधी दीर वहिनी म्हणत, मग शेजारीपाजारी म्हणू लागले, आणि ऐकून ऐकून पोटची पोरंही वहिनीच म्हणू लागली. तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

जीभरावांचं काम बघण्यासारखं होतं. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लागायची. ते चमच्यात चहा घ्यायचे आणि असा भुरका मारायचे की पत्र्यावरची कबुतरं उडावीत. मग डोळे मिटून घोट तोंडात इकडून तिकडे फिरवायचे आणि पिचकन् शेजारच्या उंच पत्र्याच्या डब्यात थुंकायचे. गिळायचं नाही, हा तिथला कायदा. "एक घोट गिळला की त्याची चव घशात मुक्काम ठोकते आणि पुढच्या कपावर अन्याय होतो," असं ते म्हणायचे. चाखताना चुकून गिळला गेला तर तो कप बाद, मग चहा किती का चांगला असेना.

या कायद्याने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात घोटाळा केला होता. वहिनींच्या माहेरी चहा आला. जावईबापूंनी भुरका मारला, डोळे मिटले आणि खिडकीतल्या गुलाबाच्या कुंडीत थुंकले. सासूबाईंना वाटलं, चहा बिघडला. त्यांनी दुसरा केला. तोही कुंडीत. तिसरं आधण ठेवायला त्या उठल्या तेव्हा वहिनींनी नवऱ्याला दाराआड ओढलं.

"अहो, इथे गिळतात!"

"हो का?" जीभराव गंभीरपणे म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी आयुष्याची सरळ वाटणी करून टाकली. वखारीत थुंकायचं, घरी गिळायचं. कुंडीतला गुलाब मात्र त्या वर्षी फुलला नाही.

घरी संध्याकाळी जीभराव चहा घेत नसत. दिवसभर तेच ते. वहिनी त्यांना आपला एक काढा द्यायच्या. त्याचीही गंमतच होती. जीभरावांना सफरचंदाची साल दाताखाली चालत नसे, म्हणून वहिनी सफरचंद सोलून द्यायच्या. साली टाकवत नव्हत्या, म्हणून त्या चुलीवरच्या फळीवर सुकवू लागल्या. मग एकदा आल्याचा तुकडा ठेचून त्या साली उकळल्या, बडीशेप घातली, वर चिमूटभर चहाची पूड. जीभरावांनी पेपर वाचता वाचता कप रिकामा केला, बशीत ठेवला आणि म्हणाले,

"हं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी काढा आणि रोज संध्याकाळी "हं". एकदा वहिनींच्या हातून साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हाही त्यांनी कप संपवला. फक्त त्या दिवशीच्या "हं"चं शेपूट जरा वर गेलं होतं, इतकंच.

वखारीतल्या एका पानाबद्दल हा माणूस पाऊण तास बोलू शकतो, हे वहिनींना ठाऊक होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. वहिनींना कौतुकाचा हार नको होता. एक शब्द हवा होता, आणि "हं" हा शब्द धरावा की नाही हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

तर मालक परत आले ते सुगंधी चहाचं खूळ डोक्यात घेऊन. गुलाब, संत्रं, लवेंडर, पुदिना, कुठकुठल्या वाळक्या फुलांची खोकीच्या खोकी आली. जीभरावांनी एकेक चाखायचा, मनात येईल ते सांगायचं, टायपिस्ट बाईने ते उतरवून घ्यायचं आणि मालकांनी पाकिटावर छापायचं, असा बेत ठरला.

टायपिस्ट बाई वहिनींच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावर राहायची. जिन्यात भेटली की पोट धरून हसत सुटायची.

"वहिनी, आज गुलाबाला काय म्हणाले माहितीये? 'केस कापायला गेलो आणि न्हाव्याने तोंडातच अत्तर मारलं.'"

"अगं बाई! आणि लवेंडरला?"

"'आत्याच्या कपाटात डोकं घातल्यासारखं वाटलं. आत्या आतच होती.'"

संत्र्याच्या चहाबद्दल जीभराव म्हणाले होते, "आधी वाटतं पाहुणे आले. मग कळतं, राहायलाच आलेत." पुदिन्याच्या चहाला म्हणाले, "दात सकाळीच घासले होते." आणि वाळक्या पिवळ्या फुलांच्या चहाबद्दल एवढंच, "माझा गवताचा अभ्यास नाही. गाईला विचारा."

मालकांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे पाकिटावर छापायचंय!"

"मग छापू नका."

"जरा गोड बोला की! जिभेला हाड नाही म्हणून काहीही?"

"हाड असतं तर चाखता आलं नसतं," जीभराव म्हणाले आणि पुढच्या कपाकडे वळले.

या सगळ्यात जीभराव खरंच दमत होते. घरी येऊन पेपर उलटा धरून बसायचे. हे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. वन्सं दोन घरं सोडून राहायच्या आणि दिवसातून एकदा तरी भावाचं घर तपासून जायच्या. भांडी पालथी आहेत का, पडदे धुतलेत का, आणि आमचा बाळ वाळला तर नाही ना.

"बाळची जीभ थकलीये," एका संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. "अगं, दिवसभर ती सुगंधी थेरं, आणि घरी आल्यावर तुझा तो सालपटांचा काढा! उद्यापासून बंद. नुसतं गरम पाणी दे. काय रे बाळ?"

पेपरमागून आवाज आला, "हं."

वहिनींच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

वन्संनी मागे वळून विजयी मुद्रेने पाहिलं. "बघ. त्यालाही नकोच होता. इतकी वर्षं बिचारा तुझं मन राखायला गिळत होता!"

वहिनींनी गाळणं खिळ्याला अडकवून टाकलं. पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. मन राखायला गिळत होता! माहेरी दाराआड त्यांनीच तर सांगितलं होतं, इथे गिळतात म्हणून. म्हणजे हा माणूस आजवर चव म्हणून नाही, शिस्त म्हणून पीत आला?

दुसऱ्या दिवसापासून गरम पाणी सुरू झालं. जीभरावांनी कपात पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, पाणी प्यायले. पण "हं" आलं नाही.

इकडे मालकांना नवी कल्पना सुचली. आणलेली फुलं चालत नाहीत तर वखारीतल्या माणसांच्या घरोघरचे काढे मागवू. नावं झाकायची, कपांवर नुसते आकडे. रविवारी सकाळी मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर जीभराव चाखतील. जो उतरेल तो पाकिटात जाईल.

वन्सं लगेच तयार झाल्या. त्यांच्याकडे लवंग, ओवा, मेथी आणि आणखी कसकसल्या मुळ्यांचा एक काढा होता. घरात कुणी शिंकलं की वन्सं तो घेऊन यायच्या, म्हणून घरात कुणी शिंकत नसे.

वहिनींनी एक पुडी बांधली आणि जिन्यात टायपिस्ट बाईच्या हातात ठेवली.

"माझं नाव कुणाला कळता कामा नये हं."

"जिंकायचंय वाटतं वहिनी?"

"छे गं. त्यांनी थुंकला तर थुंकला. काय वाटेल ते बोलूदेत. कपाट म्हणूदे, गाय म्हणूदे. पण एकदाचं मला कळूदे."

रविवारी खोली भरली. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा लोक चहाच्या खोक्यांवर बसले. वहिनी मागे भिंतीशी, वन्सं पुढच्या रांगेत, नवी साडी नेसून. टायपिस्ट बाई कप भरत होती, मग वही घेऊन उभी राहत होती.

भुरका. पिचकन्. "कारकून सुट्टीवर गेलेल्या कचेरीसारखा. आत कुणीच नाही." हशा पिकला.

भुरका. पिचकन्. "याच्यात साबण आहे का? नाही? मग घाला, निदान काहीतरी होईल."

मग वन्संचा कप आला. भुरका मारल्यावर जीभरावांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं. पिचकन् थुंकून त्यांनी टेबलाची कड धरली.

"लिहा," ते टायपिस्ट बाईला म्हणाले. "हा चहा नाही, ही शिक्षा आहे. एक घोट घेतला की आपण काय गुन्हा केला ते आपोआप आठवतं. दुसऱ्या घोटाला माणूस कबुली देईल."

खोली हसून लोळायची बाकी राहिली. वन्सं एकट्याच ताठ बसल्या होत्या. "याला लहानपणापासूनच चव नाही," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि तेवढ्यावरून तो काढा कुणाचा हे सगळ्यांना कळलं.

पुढचा कप वहिनींचा. वहिनींनी पदराचं टोक मुठीत आवळलं.

जीभरावांनी भुरका मारला. डोळे मिटले. लोक पिचकन् आवाजाची वाट पाहत होते. तो आलाच नाही.

गळ्यातली घाटी एकदा वर गेली, खाली आली. मग जीभरावांनी चमचा ठेवून दिला. अख्खा कप उचलला, मागची खुर्ची ओढली, बसले, पाय लांब केले आणि सावकाश, घोट घोट, कप रिकामा केला. बशीत ठेवला. डाव्या हाताने टेबल चाचपलं. पेपर कुठे गेला ते त्यांना समजेना.

"हं," ते म्हणाले.

पुढच्या रांगेतले लोक मान उंचावून बघू लागले.

"काय लिहू?" टायपिस्ट बाईने विचारलं.

जीभरावांनी डोळे उघडले. समोर मालक, मागे अर्धी वखार. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, काहीतरी हरवल्यासारखं. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हा कप बाद करा," ते म्हणाले. "माझी चूक. मी गिळला."

"अहो पण गिळला कसा?" मालक ओरडले. "जन्मात कधी गिळला नाही तुम्ही!"

जीभरावांनी रिकामा कप बशीतच जरा फिरवला.

"मला वाटलं, मी घरी आहे," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. टायपिस्ट बाईने मात्र मान वळवून थेट भिंतीकडे पाहिलं, आणि तिच्यामागोमाग सगळ्या खोलीने पाहिलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की दुसरं काही, ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. कप बाद झाला होता. त्यांना सोन्याचं पदक दिलं असतं तरी त्या क्षणी त्यांनी ते नाकारलं असतं.

घरी यायला दोघं बरोबरच निघाले. कोपऱ्यावर जीभराव म्हणाले, "संध्याकाळी गरम पाणी नको."

"तुम्हीच तर हं म्हणालात."

"कधी?"

"वन्संनी विचारलं तेव्हा! काढा बंद करायचा का म्हणून."

"ताईने विचारलं होतं?" जीभराव रस्त्यातच थांबले. "मी तिचं काही ऐकत नसतो गं. ऐकत बसलो असतो तर एवढा जगलो असतो का? मला वाटलं, तू रागावलीस. म्हटलं, कशावरून ते आठवेपर्यंत पाणी पिऊ."

"मग आठवलं?"

"पुष्कळ आठवलं. यातलं नेमकं कोणतं, ते कळेना."

त्या संध्याकाळी काढा झाला. पेपर उलगडला, कप रिकामा झाला, बशीत आला.

"हं."

"हं म्हणजे काय हो?" वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

जीभरावांनी पेपर खाली घेतला. वखारीतल्या पानासाठी करायचे तसा विचार केला.

"हं म्हणजे झालं. आता पुढचा कप चाखायचा नाही," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला.

वहिनींना यातलं थोडं कळलं, थोडं नाही. पण त्या रात्री भांडी घासताना त्या गुणगुणत होत्या, असं वरच्या मजल्यावरून ऐकू आलं.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. मालकांचा गुलाबाचा चहा कुणी घेतला नाही. तो कपड्यांच्या कपाटात ठेवायला मात्र बायकांनी नेला. पाकिटात गेला तो वन्संचाच काढा, कारण वहीत सगळ्यात लांब शेरा त्याच्याच नावावर होता. टायपिस्ट बाईने जीभरावांचे शब्द जसेच्या तसे टाइप करून छापखान्यात पाठवले, मालकांनी न वाचताच सही केली, आणि "हा चहा नाही, ही शिक्षा आहे" असं वाचून लोकांच्या उड्या पडल्या. हौसेने लोक एकमेकांना पाजायचे. वन्संचा फोटो पाकिटावर आला. भावाची चव सुधारली, असं त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या.

टायपिस्ट बाई पुढे जीभरावांच्याच हाताखाली चाखायला शिकली आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या टेबलाशी उभी राहिली. भुरका तिचा जरा बारीक, कबुतरं उडत नसत. वहिनींचा काढा पाकिटात घालावा म्हणून मालक दोनतीनदा घरी येऊन गेले. जीभरावांनी दारातूनच सांगितलं, "तो बाद झालाय."

म्हातारपणी जीभरावांचं नाक गेलं, मग जिभेची चवही गेली. सफरचंद कुठलं नि बटाटा कुठला, कळेना. संध्याकाळचा काढा मात्र ते प्यायचे आणि वेळेवर "हं" म्हणायचे. एक दिवस वहिनींनी त्यात मुद्दाम मीठ घातलं. "हं"चं शेपूट वर गेलं नाही. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन जरा बसल्या, मग साखरेचा काढा करून आणला.

ते गेल्यावर संध्याकाळी वन्सं येऊ लागल्या. काठी टेकत यायच्या, बाळच्या खुर्चीत बसायच्या, काढा प्यायच्या.

"आलं जास्त झालंय," म्हणायच्या. "आणि ही सालपटं कसली घालतेस गं कचऱ्यातली?"

"उद्यापासून गरम पाणी देऊ का वन्सं?"

"मी असं म्हटलं का?" आणि कप पुढे करायच्या. "अर्धा आण अजून."