पिशवीतली जाळी

सोमवारी मी दिवाबत्तीपर्यंत मौन पाळते. एरवीही मी इतकं हळू बोलते, की घरात कोणाला फरक कळत नाही.

त्या सोमवारी मात्र आमची सून तेजस्विनी दुपारच्या बसने सावंतवाडीला माहेरी निघाली होती. तिला दमा. डिचोलीत आमच्या दारावरून खाणीचे ट्रक जातात आणि दारं-जनेलं बंद केली तरी लाल धूळ आत शिरते. तिच्यासाठीच यजमानांनी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं होतं. आतला पंखा हवा ओढतो, जाळीत धूळ अडकते, स्वच्छ हवा बाहेर येते. महिना झाला, खोकला तसाच. "आई, पावस लागेपर्यंत तिकडेच राहते," म्हणाली. तिच्याविना घर सुनं होतं हो.

"कृष्णनाथबाब, फसवलं तुम्हाला," शेजारचे गोकुळदास म्हणाले.

यजमानांना ते झोंबलं. झाकण काढून त्यांनी जाळी उंच धरली. "पळय, बघ जरा! महिनाभर चालतंय, पण धुळीचा एक कण नाही! इतकं साफ यंत्र कुठे मिळेल?"

कण कुठून असणार! जाळी दुकानातून आली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत चकाकत होती. मी हात पुढे केला.

"हात लावू नको! हळदीचा डाग पडेल!"

मी नाकाला पदर लावला, मग बोटांनी हवेतच पिशवी सोलल्याची खूण केली.

"वहिनींना केळं पाहिजे," गोकुळदास म्हणाले. "उपास असेल."

"केळ्याला नाक कशाला धरील? कांदा म्हणते ती."

"सोमवारी कांदा?"

तेजस्विनीने बॅग उचलली. शब्द माझ्या ओठावर आला होता. महादेवाला मनोमन हात जोडले आणि स्वयंपाकघरात धावले. चहाच्या गाळणीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून आणली, आणि सगळ्यांसमोर तिच्यावर तांब्या ओतला. पाणी गेलं थेट यजमानांच्या पायांवर.

"आगो, कितें करतेस! आधी पिशवी काढ, मग गाळ ना—"

बोलता बोलता त्यांची नजर हातातल्या जाळीच्या पिशवीवर गेली.

तेजस्विनीने बॅग टाकली, जाळी हिसकावली आणि पिशवी टराटरा फाडली. जाळी आत बसवून बटण दाबलं, तर हवेत धूळ असल्याचा लाल दिवा लागला आणि यंत्र असं घुमलं की गोकुळदास उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात वळणावर बसचा हॉर्न वाजला. तेजस्विनी यंत्रासमोर पाट मांडून बसली होती. तिने मोठा श्वास घेतला. एकदा खोकली. पुन्हा घेतला.

"बाबा, कंडक्टरला सांगा, आज नाही. आठवडाभर बघूया."

यजमान ओल्या पायांनीच रस्त्याकडे धावले.