माझा डावा ब्रेक

मी चाकांची खुर्ची बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी घाबरट आहे. अशा खुर्चीनं कसं धीराचं, सेवाभावी असावं असं तुम्हाला वाटत असेल. पण मला उतार दिसला की माझे सगळे नटबोल्ट खडखडतात.

माझा जन्म सांवेर रोडवरच्या एका शेडमधला. पाइप वाकवले, जोडले, त्यांवर निळं रेक्झिन ताणून बसवलं आणि मला एका दवाखान्यात पाठवून दिलं. तिथल्या उतारावर वॉर्डबॉयनं एकदा मला मोकळंच सोडलं. मी धडधडत खाली गेले आणि भिंतीवर आपटले. सगळे हसले. माझा डावा ब्रेक तेव्हापासून कामातून गेला. ओढला की 'टक्' आवाज यायचा, पण चाकाला तो पुरता टेकायचाच नाही. माणसांचा आवाजावर फार विश्वास. टक् झालं म्हणजे लागला, असं धरून चालतात.

पुढे मी सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेले आणि तिथून वसुंधराबाईंच्या घरी.

बाईंनी आयुष्यभर घरी शिवणाचे क्लास घेतले. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे पाय उठेनात. स्वभावानं सोनं, पण एक वाईट खोड. कुणाला त्रास द्यायचा नाही. पाण्याचा तांब्या हाताला लागत नसला, तर मुलगा निखिल कारखान्यातून येईपर्यंत तशाच बसतील. मला त्यांचा राग यायचा. मागितलं तर काय झिजणार आहे, असं मनात यायचं.

आमचं जग हॉल ते बाल्कनी एवढंच होतं. सपाट फरशी, मला बरं वाटायचं. बाई मात्र बाल्कनीतून समोरच्या झाडावरचे पक्षी बघत बसायच्या. ते बघून निखिलनं फोनवर एक ग्रुप शोधून काढला. रविवारी सकाळी पक्षी बघायला जाणारी मंडळी. चालता येवो न येवो, दिसो न दिसो, काही माहीत असो नसो, सगळ्यांनी यावं, असा त्यांचा निरोप होता.

"कशाला, त्यांना माझी अडचणच होईल," बाई म्हणाल्या. मला हायसं वाटलं. पण निखिल ऐकेना.

अशी आमची वरात हातोद गावाच्या बाजूच्या एका तलावावर पोचली. निखिलला ड्यूटी होती. तो आम्हाला उतरवून गेला. ग्रुप चालवणारी शिखा पुढे आली. "काकू, बिल्कुल संकोच करू नका. अपने यहाँ सगळे असेच आहेत." खरंच होते. गोपीनाथजी नावाच्या म्हाताऱ्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, ते शिखाच्या दंडाला धरून चालत होते. मला ढकलायला बंटी नावाचा दणकट माणूस आला. "आंटीजी, टेन्शनच नका घेऊ, मी आहे ना."

तो मला घेऊन पाळीवर चढला. पाळ म्हणजे तलावाचा उंच बांध. वर मातीची वाट, एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला थेट पाण्यात उतरणारे दगड. मी खडखडत होते. बंटीला वाटलं, वाट खराब आहे. मी भीतीनं कापत होते हे त्याला कोण सांगणार?

तेवढ्यात शिखानं हात वर केला. सगळे गप्प. समोरच्या उथळ पाण्यात सारसाची जोडी उभी होती आणि त्यांच्या पायांत एक पिल्लू. पक्षी दिसला की तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नियम. बंटीनं मला वाटेच्या उतरत्या कडेला तिरकं उभं केलं आणि माझे दोन्ही ब्रेक ओढले. टक्, टक्. मग जे सगळ्यांनी केलं तेच त्यानं केलं. दुर्बीण डोळ्यांना लावली. मला ढकलायच्या मागच्या मुठींवर एकही हात उरला नाही.

मी सरकले. उजवा ब्रेक धरून होता, डावं चाक सुटलं, त्यामुळे मी जागच्या जागी वळले आणि माझं तोंड थेट खालच्या पाण्याकडे झालं. बाईंच्याही डोळ्यांना शिखानं दिलेली दुर्बीण होती. ती त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी दोन्ही चाकं घट्ट धरली. खडी माझ्याखाली सरकत होती. पुढचं चाक दगडाच्या कडेवर आलं, तेव्हा मला खाली हिरवट पाणी दिसलं.

आणि बाई ओरडेनात.

मी खुर्ची, मला कंठ नाही. पण त्यांना होता ना. मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. सगळे इतके रंगलेत, पक्षी उडून जातील, पहिल्याच दिवशी तमाशा नको. "अहो," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मलाच जेमतेम ऐकू आलं. आणखी बोटभर खाली गेलो. अहो बाई, ओरडा. बुडू आपण दोघी.

"अहो, धरा मला!"

सगळा तलाव हादरला. बंटी दुर्बीण टाकून धावला, शिखा धावली, दोघांनी मला मागे खेचलं. तोवर सारस कर्कश ओरडत उठले आणि आमच्या डोक्यांवरून गेले. पिल्लू गवतात दिसेनासं झालं.

बाई रडायला लागल्या. "माझ्यामुळे उडाले. सगळ्यांची सकाळ घालवली मी."

"काकू, गलती आमची आहे," शिखा त्यांचे हात धरत म्हणाली. "पक्षी बघता बघता आम्ही तुम्हालाच सोडलं." बंटी खाली बसून माझा डावा ब्रेक पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

गोपीनाथजी वाटेत एकटेच उभे होते, तोंड वर आकाशाकडे करून.

"बाई, रडू नका," ते म्हणाले. "हे लोक चुपचाप उभे राहतात, तेव्हा मला काय कळतं? आज पहिल्यांदा सारस माझ्या डोक्यावरून गेले. पंखांचा वारा लागला मला."

घरी निखिलनं सगळं ऐकलं आणि तो पांढरा पडला. "बस झालं, आई. आता कुठे जायचं नाही."

"आधी पाणी दे," बाई म्हणाल्या. "आणि ब्रेक बदलून आण. रविवारी मला जायचंय."

ब्रेक नवा आहे, तरी पाळ आली की मी अजून कापते. बाईही घाबरतात, चाकं घट्ट धरतात त्यावरून मला कळतं. पण त्या आता गप्प बसत नाहीत. पक्षी दिसला की त्या मोठ्यानं विचारतात, "कोण धरतंय मला?" कुणीतरी "मी" म्हणेपर्यंत दुर्बिणीला हात लावत नाहीत. एखादा पक्षी उडतो. उडू दे.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणाच्या खुर्चीच्या मुठी तुमच्या हातात असतील आणि दुसरीकडे बघावंसं वाटलं, तर जरूर बघा. पण हात सोडायच्या आधी सांगा.